पाच नंबरच्या खाटेवरचे पाय

आधी कबुली देऊन टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. अकोल्याच्या एका दवाखान्यात मी पाऊण तास एका परक्या म्हाताऱ्याचे पाय दाबले. वडील समजून. नुसते दाबले असते तर सेवा म्हणून खपून गेलं असतं. मी त्या पायांवर रडले, रडलेलं पदराने पुसलं, आणि बावन्न वर्षांत वडिलांना जे जे सांगायचं राहून गेलं होतं ते सगळं त्या पायांना सांगून टाकलं. खरे वडील शेजारच्या खाटेवर टक्क जागे होते.

ही गोष्ट निघाली की माझी नात दर वेळी विचारते, "आजी, तुला स्वतःचे बाबा ओळखू आले नाहीत?" तिला काय सांगू. चेहरा दिसला असता तर ओळखला असता ना. चेहऱ्यावर पांघरूण होतं, बाहेर होते ते फक्त पाय. आणि बाबांच्या पायांची नि माझी ओळख म्हणाल तर दर दसऱ्याला, दर दिवाळीला मी त्यांच्यावर डोकं ठेवलं, पण डोळे गच्च मिटून. पाया पडताना डोळे मिटायचे हे मला कोणी शिकवलं कोण जाणे. शाळेतलं काही मी इतक्या निष्ठेने पाळलं नाही. एकदा जरी उघडे ठेवले असते तरी दिसलं असतं की बाबांच्या उजव्या अंगठ्याचं नख मधोमध उभं दुभंगलेलं आहे, कधीकाळी वखराखाली सापडून. पाच नंबरच्या पायांची नखं एकदम शाबूत होती. मी ती पाऊण तास हातात धरून बसले होते.

बाबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. तेव्हा मी अमरावतीत मास्तरीण होते. चष्म्याला साखळी लावायची, आणि आपल्याला माणसं फार कळतात अशा थाटात वावरायची. वर्गातल्या पोराच्या नुसत्या तोंडाकडे बघून त्याने डबा खाल्ला की मित्राला दिला ते सांगायची. बाबांच्या तोंडाकडे बघून मात्र मला काही म्हणजे काही कळत नसे, कारण ते तोंड माझ्याकडे कधी वळतच नसे.

बाबा माझ्याशी बोलत नसत. भांडण नव्हतं, रागही नव्हता. आमच्या हिवरखेडच्या घरात बापाने पोरीशी बोलायचं ते आईच्या मार्फत, असा रिवाज होता आणि बाबांनी तो जरा जास्तच मनावर घेतला होता. मी समोर पाटावर बसलेली असले तरी बाबा आईला म्हणायचे, "तिले इचार, भाकर पाह्यजे काय." आई माझ्याकडे वळून म्हणायची, "भाकर पाह्यजे काय वो?" मी म्हणायची, "अर्धी." आई बाबांकडे वळून, "अर्धी म्हणते." मग बाबा टोपलीतली भाकर मोडून अर्धी आईकडे देणार आणि आई ती माझ्या ताटात टाकणार. टोपली तिघांच्या मधोमध. माझं लग्न ठरलं तेही मला असंच समजलं: "तिले सांग, तिचं जमलं."

आई गेली आणि आमची मधली तार तुटली. मी अमरावतीहून फोन केला की बाबा माझा आवाज ऐकायचे आणि फोन शेजारच्याच्या हातात द्यायचे, मग तो शेजारचा कोणीही असो. एकदा त्यांनी तो विहिरीवरची मोटार दुरुस्त करायला आलेल्या माणसाला दिला. त्याने मला मोटारीचं काय बिघडलंय ते नीट समजावून सांगितलं, मी त्याला मुलाच्या बारावीचं सांगितलं, आणि एकमेकांना तब्येतीला जपायला सांगून आम्ही फोन ठेवला. माहेरच्या माणसाशी बोलल्याचं समाधान मला दोन दिवस पुरलं.

मग बाबांच्या किडन्या थकल्या. पाय सुजले, जेवण जाईना, दोन पावलं चालले तरी दम लागायला लागला. अकोल्याच्या डॉक्टरांनी भावाला बाजूला घेऊन सांगितलं की आठवड्यातून दोनदा डायलिसिस करावं लागेल, हृदयही फार साथ देत नाही, वर्ष निघालं तरी खूप. भाऊ अकोल्यात राहायचा आणि शेती हिवरखेडला, त्यामुळे तो सदा रस्त्यावर. बाबांना सकाळी दवाखान्यात पोचवायचं काम त्याचं आणि चार तास शेजारी बसायचं काम माझं, असं ठरलं. सोमवार आणि गुरुवार. मी शाळेतून लांब रजा काढली. सगळ्या नातेवाइकांनी मला नावाजलं, पोरगी असावी तर अशी. मी मान खाली घालून ते कौतुक पदरात पाडून घेतलं.

खरं कारण सेवा नव्हतंच. मला वाटलं, नळ्यांनी मशीनला बांधलेला माणूस जाईल कुठे. चार तास समोर बसून राहिलं की कधी ना कधी माझ्याशी बोलावंच लागेल. मला एक वाक्य पाहिजे होतं. मधे कोणाला न घेता, माझ्याकडे बघून, माझ्यासाठी म्हटलेलं. तेवढं झालं की मग देव काय करायचं ते करो. आणि वर्ष निघालं तरी खूप म्हणजे घाई करायला हवी होती.

पहिल्याच सोमवारी गाडी मूर्तिजापूरच्या अलीकडे थांबली ती थांबलीच. मी दवाखान्यात पोचेपर्यंत भाऊ बाबांना खाटेवर झोपवून हिवरखेडच्या वाटेला लागला होता. फोनवर म्हणाला, "ताई, खिडकीजवळची पाच नंबर." खिडकीतून ऊन लागतं म्हणून सिस्टरने बाबांना मागाहून चार नंबरवर घेतलं होतं, हे ना त्याला माहीत ना मला. त्या हॉलमध्ये गारठा असा की आठ खाटांवर आठ गाठोडी. आमच्याकडचा माणूस एरवीही झोपतो तो तोंडावरून पांघरूण ओढूनच. तिथे तर कोणाचं नाकसुद्धा दिसत नव्हतं. मी पाच नंबरच्या गाठोड्याच्या पायथ्याशी स्टूल ओढलं, पायांवरचं पांघरूण सारलं आणि सुरू झाले.

पुढचं लिहिताना आजही कानशिलं गरम होतात. मी म्हटलं, "बाबा, मी आली. काही बोलू नका. तसेबी तुमी कवा बोलता." इथे पहिलं रडू. मग म्हटलं, "मॅट्रिकले मी शाळेत पयली आली त तुमी मायले म्हटलं, तिले सांग चांगलं झालं. मी चुलीजवळच बसली होती ना बाबा. मले सांगितलं असतं त काय झिजलं असतं." मग लग्नाचं काढलं. मग मोटार दुरुस्तीवाल्याचं काढलं, त्याचा आवाज चांगला होता हेही सांगितलं. आणि शेवटी, ज्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते ते, "तुमी मले लहानपणी एकदा तरी उचलून घेतलं होतं काय?" हे विचारणारी बाई सत्तर किलो वजनाची होती.

पाय हलले नाहीत. मला वाटलं, गहिवरले असतील.

उजवा पाय झाला आणि मी नाक पुसायला थांबले, तेव्हा पांघरुणातून आवाज आला, "बेटा, दुसरा भी कर दे, फिर बताता हूँ."

पांघरूण सरकलं. आत मेंदी लावलेली दाढी होती आणि दोन मिस्कील डोळे होते. माझे बाबा रोज सकाळी गुळगुळीत दाढी करत. मी त्या दाढीकडे बघत राहिले आणि हातातला पाय सोडायचंही मला सुचलं नाही.

"रोना मत," म्हातारे म्हणाले. "हाथ बहोत अच्छा है तेरा. पण तुहे बाबा त ते बाजूवाले हायेत."

चार नंबरच्या गाठोड्याला एवढीशी फट होती. फटीत एक डोळा होता. तो डोळा माझ्यावरून हळूच निघाला, म्हाताऱ्यांकडे गेला, आणि बाबांचा आवाज आला, "भाई, तिले इचारा, चहा पेली काय."

औषधाचा ट्रे घेऊन चाललेली सिस्टर भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते.

ते पाच नंबरचे चाचा म्हणजे अकोल्यातले जुने गादीवाले. जन्मभर कापूस पिंजून गाद्या-रजया भरल्या, आता दुकान मुलं बघायची. दवाखान्याच्या गादीवर त्यांचा फार राग. ओळख झाली त्याच दिवशी त्यांनी मला गादीचा कोपरा दाबून दाखवला. "इसमें कापूस नहीं है बेटा. किसी का पुराना कोट भरा है." त्यांचीही पाळी सोमवार-गुरुवार, आणि त्यांना सोबतीला कोणी लागत नसे, कारण सगळा हॉलच त्यांच्या सोबतीला असायचा.

बाबांना त्यांच्यात हरवलेली तार सापडली. मला वाटलं होतं चार तासांत कोंडी फुटेल, आणि इथे तर मधला माणूस आयता शेजारच्या खाटेवर येऊन झोपला होता. त्यातही आईमध्ये आणि चाचांमध्ये एक फरक होता. आई असेल तेवढंच पोचवायची. चाचा त्यात साखर घालत.

बाबा म्हणायचे, "भाई, तिले म्हणा इतक्या दूरून येत जाऊ नको. उगा तरास."

चाचा माझ्याकडे वळायचे. "बेटा, बाबा कहते हैं, तू आती है तो जान में जान आती है."

"मी असं नाई म्हटलं," बाबा छताला सांगायचे.

"मतलब तो वोही है ना पाटील. तुमचं थोडं कच्चं रायते, मी पिंजून देतो."

मी आणलेल्या डब्यावरही असंच. बाबांना मीठ बंद, पाणी मोजून, आणि भाजी आधी उकडून ते पाणी फेकून मग करायची, असा डॉक्टरांचा हुकूम. वांग्यावर हा प्रयोग केल्यावर जे उरतं त्याला मी भाजी म्हणत असे. बाबांनी एक घास खाल्ला, बराच वेळ तोंडात फिरवला, आणि चाचांना म्हणाले, "भाई, पोरीले इचारा, या मेलेल्या वांग्यानं तिचं काय बिघडवलं होतं."

चाचा माझ्याकडे वळले आणि पहिल्यांदाच त्यांना साखर सापडली नाही. "बेटा," ते म्हणाले, "बाबा कहते हैं... बैंगन अल्लाह को प्यारा हो गया."

मीही काही कमी नव्हते. मास्तरणीच्या डोक्यातून निघणार ते मास्तरणीसारखंच. मी एका वहीत वीस प्रश्न लिहून आणले. पहिला प्रश्न, 'आपले बालपण कसे गेले?' दुसरा, 'आपल्याला शाळेत कोणता विषय आवडत असे व का?' मला वाटलं, म्हातारा माणूस, सुरुवात करून दिली की बांध फुटेल. मी चष्मा सावरून पहिला प्रश्न वाचला. बाबांनी डोळे मिटले. मी दुसरा वाचला. तिसरा वाचला. सातव्या प्रश्नाला बाबा म्हणाले, "भाई, तिले म्हणा, नापास करून टाक."

चाचांना मात्र वही फार आवडली. त्यांनी विसाच्या वीस प्रश्नांची स्वतःची उत्तरं दिली, तपशीलवार, दोन सोमवार आणि एक गुरुवार. त्यांना शाळेत भूगोल आवडत असे.

अशाच एका सोमवारी बाबांना डुलकी लागलेली असताना चाचांनी मला बोटाने जवळ बोलावलं. "एक बात बोलूँ? उस दिन मैं पहिले मिनट में बोलनेवाला था, के बेटा, गलत घर आ गई. मुंडी जरा बाहर निकाली, तो पाटील ने ऐसा किया." त्यांनी तळहात खाली दाबून दाखवला. "पडे रहो. बोलू द्या तिले. मैंने बोला ठीक है, अपना क्या जाता है, पैर तो दब रहे."

मी बाबांकडे पाहिलं. पांघरूण नाकापर्यंत, फट बंद. म्हणजे बाबांनी सगळं ऐकलं होतं, आणि ऐकायचं होतं म्हणून ऐकलं होतं. परतीच्या गाडीत मी बडनेऱ्यापर्यंत एकटीच हसत होते. समोरच्या बाईने आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली.

त्यानंतर साधारण महिन्याने, मधे कसलाही विषय नसताना, बाबांनी चाचांना विचारलं, "भाई, तुमच्यात बापासमोर आपलं लेकरू उचलत होते काय?"

"तौबा," चाचा म्हणाले. "अब्बा के सामने? बेशरम बोलते थे. भाई के बच्चे को उठाओ, पडोसी के उठाओ, अपना रोता है तो रोने दो."

"आमच्यातबी तसंच. आमचे आबा दिवसभर ओसरीत बसेत. त्याईच्यासमोर आपलं लेकरू घेतलं त लाज जाये." बाबांना दम लागला होता. "पण बाजाराच्या दिवशी आबा आकोटले जात. मंग मी हिले घेऊन कापसाच्या खोलीत. ही लय रडे. आवाज दूरवर जाये. मंग मी हिले कापसात गळ्यापर्यंत गाडून ठेवो. मुंडकं तेवढं बाहेर. मंग चूप."

चाचा कोपरावर रेलून बसले. धंद्याची गोष्ट निघाली होती. "कौनसा कापूस?"

"देशी."

"फिर ठीक है. देशी गरम रहता, टोचता नहीं. कितनी देर?"

"आबा येईपर्यंत."

मी स्टुलावर बसून ऐकत होते. बावन्न वर्षं मला वाटत होतं की बापाने मला कधी हात लावला नाही, आणि बापाने मला दर बाजाराला पेरलं होतं. त्या दिवशी चाचांनी काही साखर घातली नाही. ते म्हणाले, "सुना?" मी म्हटलं, सुना.

तेवढ्यावर शहाणी बाई थांबली असती. मी नाही थांबले. गाडीत बसल्यावर मला सुचलं की हेही चाचांनाच सांगितलेलं, मला नव्हे. 'हिले' म्हणाले, 'तुले' नाही म्हणाले. लेकीला बाप कळतोय, कापूसही कळला, पण लेकीचा हट्ट वाक्यावर अडलेला. आणि बाबा तर दर आठवड्याला थोडे थोडे कमी होत होते. पहिल्यांदा आले तेव्हा भावाच्या खांद्यावर हात ठेवून चालत यायचे. सहा महिन्यांत चाकाच्या खुर्चीवर आले. मनगट इतकं बारीक झालं की घड्याळ कोपरापर्यंत घसरायचं. चाचा त्यांना म्हणायचे, "पाटील, थोडा भरो खुद को, खोळ ढीली हो गई."

मग एका गुरुवारी पाच नंबरवर चाचा नव्हते. नातीच्या साखरपुड्याला मूर्तिजापूरला जायचं म्हणून त्यांनी आपली पाळी एक दिवस आधीच उरकून घेतली होती. रिकामी खाट बघून बाबांचा चेहरा पडला आणि माझा फुलला. मी ठरवलं, आज मधे कोणी नाही. आज सरळ मला म्हणाल तर ऐकेन, नाहीतर मी बहिरी. जिच्या हाताखाली तीस वर्षांत हजारभर मुलं शिकली ती ही बाई.

थोड्या वेळाने खिडकीतलं ऊन सरकत चार नंबरवर आलं. बाबा म्हणाले, "सिस्टर, तिले म्हणा, पडदा ओढून घे."

सिस्टर माझ्या बाजूची होती. ती म्हणाली, "बाबा, मी सुया पाहू की तुमचं टपाल वाटत फिरू? ताई इथंच आहेत."

बाबा पंख्याला म्हणाले, "ऊन लय आलं."

मीही पंख्यालाच म्हटलं, "ज्याले लागते त्यानं सांगावं."

शेवटी बाबांनी मान वळवून मशीनला सांगितलं, "हट्टी हाय. बापावर गेली." मला हसू फुटलं असतं, पण हसले तर हरले, म्हणून मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. ते उलटं होतं, हे सिस्टरने मला नंतर सांगितलं. ऊन बाबांच्या तोंडावर आलं तरी त्यांनी मला म्हटलं नाही आणि मी उठले नाही. बापलेक दोघं बघत बसले की आधी कोण हरतं.

तिसरा तास संपता संपता वर्तमानपत्राच्या पलीकडे एक जांभई ऐकू आली. मग दुसरी. मी कागद खाली केला. बाबांचं तोंड राखेसारखं झालं होतं, कपाळावर घाम, आणि डोळे वर चालले होते. मशीन ओरडायला लागलं. सिस्टर धावत आली, खाटेचं डोकं खाली केलं, पाय उंच केले, सलाइनची बाटली चढवली. "बीपी पडला. ताई, बोलत राहा त्यांच्याशी. डोळे मिटू देऊ नका. बोला काहीही."

आधी मी पडदा ओढला. सरकन. तीन तास धरून ठेवलेला हट्ट एका क्षणात सोडला, आणि लाज इतकी वाटली की पडदा रिंगांतून निसटून अर्धा हातात आला. तो तसाच धरून मी बाबांच्या कानाशी वाकले. आणि मला काही सुचेना. जन्मभर वर्गासमोर बडबड केलेली बाई, आणि बोलायला एक शब्द नाही. सगळ्या तक्रारी तर मी चाचांच्या पायांना सांगून बसले होते, पुन्हा सांगण्यासारखं त्यांत काही उरलं नव्हतं. मग माझ्याकडे उरलं काय, तर माझे गुन्हे.

"बाबा, झोपू नका. बाबा, सहावीत चाचणीच्या पेपरवर तुमची सही मीनं केली होती. दोनदा. बाबा, दुधावरची साय मांजर नोती खात, मी खात होती. तुमी त्या मांजरीले पोत्यात घालून नदीपार सोडून आले, ते तिचं काही नोतं बाबा." सिस्टरच्या हातातली बाटली हलायला लागली. "बाबा, ऐका. माय म्हणे देव्हाऱ्यातला पेढा देवानं खाल्ला, तो देव मीच. बाबा, अन् आबाचा तो लग्नातला फेटा, धोब्याकडून धुऊन आलेला. पेटीतला. आम्ही पोरींनी तो निंबाले बांधून झोका केला होता. तिसऱ्याच झोक्याले टर्रकन फाटला, एवढा मोठा. मीनं फाटकी बाजू आत घातली, घडी केली, जशीच्या तशी पेटीत ठेवून देली. मंग चांदूर रेल्वेले लग्न निंघालं तवा मी पोट दुखते म्हणून घरीच रायली, माह्यात हिंमतच नोती. पुढं काय झालं मले माईत नाई, कोणी सांगितलं नाई, मीनं इचारलं नाई. बाबा, डोळे उघडा ना. तुमी नाई बोलले तरी चालते. कोणालेबी सांगा, मशीनले सांगा, मी ऐकीन."

हे शेवटचं मी खरंच म्हटलं, आणि मनापासून म्हटलं. वाक्य नको होतं मला आता. फक्त बाबा हवे होते, पंख्याशी बोलणारे असले तरी.

सिस्टरने नाडीवर बोटं ठेवली, पुन्हा ठेवली, आणि "येतंय, येतंय" म्हणाली. हळूहळू बाबांच्या तोंडावर रंग चढला. डोळे उघडले. आधी पाच नंबरच्या रिकाम्या खाटेकडे गेले, तिथून सिस्टरकडे, आणि तिथे न थांबता माझ्यावर येऊन टेकले. असे समोरासमोर मी ते डोळे कधी पाहिले नव्हते. माझ्यासारखेच आहेत, एक जरा बारीक. ओठ हलले. मी कान जवळ नेला, तर त्यांनी हाताने माझं तोंडच सरळ केलं, म्हणजे दिसावं म्हणून, आणि दम खात खात म्हणाले,

"तो फेटा तूनं फाडला होता? चांदूरच्या मांडवात आबा तो गुंडाळाले बसले, त मधातून सारं टक्कल बाहेर आलं. भरल्या पंगतीत माह्या कानाखाली वाजवली त्याईनं, धोब्याकडून मीनं न पाहता आणला होता म्हणून. चौतीस वर्षांचा होतो मी. अन् त्या धोब्यासोबत मी तो मरेपर्यंत बोललो नाई. बस इथं, सरक जवळ. आजून काय काय केलं तूनं, ते सांग."